वॉटसन्स हॉटेल, मुंबई

वॉटसन्स हॉटेल (सध्याचे नाव: एस्प्लनेड मॅन्शन) ही मुंबईच्या फोर्ट भागातील काळा घोडा परिसरात महात्मा गांधी रस्त्यावर उभी असलेली एकोणिसाव्या शतकातील इमारत आहे. ओतीव लोखंडाचा सांगाडा असलेली ही भारतातील अस्तित्वात असलेली सर्वांत जुनी इमारत मानली जाते. तिचे सुटे भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजांनी मुंबईला आणण्यात आले आणि जागेवर जोडण्यात आले. जॉन वॉटसन या इंग्रज कापड व्यापाऱ्याने ती बांधून घेतली. आराखडा रोलँड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा होता. १८७१ साली सुरू झालेले हे हॉटेल पुढील सुमारे तीन दशके मुंबईतील युरोपीय प्रवाशांचे प्रमुख उतरण्याचे ठिकाण होते. भारतात चलच्चित्रांचा पहिला जाहीर खेळ ७ जुलै १८९६ रोजी याच इमारतीत झाला.

विसाव्या शतकात हॉटेल बंद पडले आणि इमारतीचे रूपांतर भाड्याच्या खोल्या व कार्यालयांत झाले. दुरुस्तीअभावी तिची अवस्था बिकट होत गेली. २००५ साली पश्चिमेकडील दर्शनी भाग कोसळून एका व्यक्तीचा मृत्यू झाला. त्याच वर्षी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने जगातील धोक्यात असलेल्या शंभर स्थळांच्या यादीत तिचा समावेश केला. २०१९ साली इमारत रिकामी करण्यात आली. ती पाडावी की वाचवावी हा मुंबईतील वारसा संवर्धनाच्या चर्चेतील एक महत्त्वाचा वाद आहे.

## स्थान

ही इमारत दक्षिण मुंबईत, ज्याला पूर्वी एस्प्लनेड रोड म्हणत त्या महात्मा गांधी रस्त्यावर आहे. डेव्हिड ससून ग्रंथालय, एल्फिन्स्टन महाविद्यालय, आर्मी अँड नेव्ही इमारत आणि जहांगीर कलादालन या परिचित वास्तू जवळच आहेत. मुंबई विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि शहर दिवाणी व सत्र न्यायालय ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. न्यायालयांच्या या शेजाराचा इमारतीच्या पुढील वापरावर मोठा परिणाम झाला.

परिसराला काळा घोडा हे नाव सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून पडले. तो पुतळा १८७९ साली, म्हणजे हॉटेल सुरू झाल्यानंतर काही वर्षांनी, उभारण्यात आला. १९६५ साली तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवण्यात आला. नाव मात्र परिसराला कायमचे चिकटून राहिले.

## पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईतील इंग्रजी वस्ती व मुख्य व्यापार कोटाच्या आत, म्हणजे तटबंदीने वेढलेल्या भागात होता. तटाबाहेर एस्प्लनेड नावाचे मोकळे मैदान होते. तोफांचा मारा करण्यास अडथळा येऊ नये म्हणून तेथे पक्के बांधकाम करू दिले जात नसे. कोरड्या ऋतूत अनेक युरोपीय रहिवासी या मैदानावर तंबू आणि तात्पुरते बंगले उभारून राहत आणि पावसाळ्यापूर्वी ते मोडून टाकत.

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे ब्रिटनमधील गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि शहरात प्रचंड पैसा आला. याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर (कार्यकाळ १८६२–६७) यांच्या कारकिर्दीत कोटाची तटबंदी पाडण्यात आली. मोकळ्या झालेल्या जमिनीवर रुंद रस्ते आखून भूखंड विकण्यात आले. सार्वजनिक इमारतींची जी रांग आज ओव्हल मैदानालगत दिसते, तिची सुरुवात या निर्णयातून झाली. गोविंद नारायण माडगांवकर यांचा ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ १८६३ साली, म्हणजे शहराचा चेहरामोहरा बदलत असतानाच प्रसिद्ध झाला. वॉटसन्स हॉटेल ही त्यानंतर उभ्या राहिलेल्या नव्या मुंबईची वास्तू होय.

हॉटेलच्या दृष्टीने आणखी दोन घटना महत्त्वाच्या ठरल्या. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा वाहतुकीस खुला झाला आणि युरोप व मुंबई यांमधील सागरी प्रवास बराच जवळचा झाला. १८७० साली मुंबई–कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला. त्यामुळे युरोपातून भारतात येणाऱ्या प्रवाशांसाठी मुंबई हे मुख्य प्रवेशद्वार बनले. या प्रवाशांना एक-दोन रात्री धक्क्यापासून जवळ, पण पाश्चात्त्य धर्तीच्या सोयी असलेल्या ठिकाणी उतरायचे असे. तोपर्यंतची युरोपीय हॉटेले बहुतांशी माझगाव आणि भायखळा या दूरच्या उपनगरी भागांतील जुन्या बंगल्यांत चालत. शहराच्या मध्यवर्ती भागात, खास हॉटेल म्हणून सजवलेल्या मोठ्या इमारतीची उणीव वॉटसन्सने भरून काढली.

## बांधणी

### वॉटसन आणि मूळ कल्पना

जॉन वॉटसन हा इंग्लंडच्या कंबरलँड भागातून मुंबईत आलेला व्यापारी होता. उंची कापड व तयार कपड्यांचा त्याचा व्यवसाय होता. एस्प्लनेडवरील भूखंड त्याने घेतला तो आपल्या दुकानासाठी व कार्यालयांसाठी. पुढे ही योजना बदलून तिला हॉटेलचे रूप देण्यात आले. हॉटेल सुरू झाले त्याच वर्षी, १८७१ मध्ये, वॉटसनचा मृत्यू झाला.

इमारतीच्या बांधणीचा काळ काही लेखनात १८६० ते १८६३ असा दिला जातो. मात्र ज्या जमिनीवर इमारत उभी आहे ती तटबंदी पाडण्याचे काम सुरू झाल्यानंतरच उपलब्ध झाली. त्यामुळे स्थापत्य-इतिहासाच्या अभ्यासकांनी मांडलेला १८६७ ते १८७१ हा काळ अधिक ग्राह्य ठरतो.

### अभियंता

रोलँड मेसन ऑर्डिश (१८२४–१८८६) हा त्या काळातील लोखंडी बांधकामाचा नामवंत तज्ज्ञ होता. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात त्याचा सहभाग होता. लंडनमधील सेंट पँक्रस स्थानकाचे विशाल छत आणि रॉयल अल्बर्ट हॉलचा घुमट यांच्याशीही त्याचे नाव जोडलेले आहे. प्राग शहरातील फ्रान्झ जोसेफ पूल (१८६८) आणि लंडनमधील अल्बर्ट पूल (१८७३) ही त्याची आणखी दोन ओळखीची कामे होत.

### साहित्य

इमारतीचे जवळजवळ सर्व साहित्य इंग्लंडहून आले. लोखंडी भाग डर्बी येथील फिनिक्स फाउंड्री या ओतशाळेत तयार झाले. विटा आणि सिमेंट मेडवे नदीच्या काठावरून, खांबांच्या तळाचे लाल दगड पेनरिथहून आणि फरश्या स्टॅफर्डशरमधील मिंटन कारखान्यातून आणल्या गेल्या. मुंबईच्या परिसरात उत्तम बांधकामाचा दगड मिळत असे आणि आसपासच्या सार्वजनिक इमारती त्याच दगडात बांधल्या गेल्या. ही पार्श्वभूमी पाहता वॉटसन्सची इमारत त्या रांगेत पूर्णपणे वेगळी होती. दगडी कमानी, मनोरे आणि कोरीव काम यांच्याऐवजी तिच्या दर्शनी भागावर लोखंडी खांबांची व कठड्यांची सरळ, एकसारखी जाळी दिसत असे. समकालीनांनी तिला भल्यामोठ्या पिंजऱ्याची उपमा दिली होती.

### सांगाडा

जुन्या पद्धतीच्या इमारतीत मजल्यांचा भार जाड भिंती पेलतात. इमारत जितकी उंच, तितक्या तळाच्या भिंती जाड कराव्या लागतात आणि खिडक्या लहान ठेवाव्या लागतात. वॉटसन्समध्ये हा भार ओतीव लोखंडाचे खांब आणि घडीव लोखंडाच्या तुळया यांच्या सांगाड्याने पेलला आहे. विटांच्या भिंती या सांगाड्यातील रिकाम्या जागा भरण्यापुरत्या आहेत.

दोन प्रकारच्या लोखंडाचा वापर हा त्यांच्या गुणधर्मांवर आधारलेला आहे. ओतीव लोखंड, म्हणजे बीड, दाब उत्तम सहन करते, पण ताण पडल्यास ठिसूळपणामुळे अचानक तुटते. म्हणून ते उभ्या खांबांसाठी योग्य. घडीव लोखंड चिवट असते आणि वाकतानाचा ताण सहन करते. म्हणून ते आडव्या तुळयांसाठी वापरले जाते.

### स्थापत्याच्या इतिहासातील स्थान

संपूर्ण सांगाड्यावर उभ्या असलेल्या बहुमजली इमारती १८६० च्या दशकात जगातही मोजक्याच होत्या. इंग्लंडमधील शीअरनेस येथील नौदलाचे बोट भांडार (१८५८–६०) हे त्यांपैकी एक आरंभीचे उदाहरण, तर फ्रान्समधील न्वाझिएल येथील मेनिए चॉकलेट कारखाना (१८७१–७२) हे वॉटसन्सच्या जवळपास समकालीन उदाहरण. यांपैकी पहिली गोदामाची, तर दुसरी कारखान्याची इमारत होती. माणसांनी राहावे यासाठी बांधलेली एवढी मोठी सांगाड्याची इमारत म्हणून वॉटसन्सचे स्थान निराळे आहे. गगनचुंबी इमारतींच्या इतिहासात ज्या शिकागोच्या होम इन्शुरन्स इमारतीचा आवर्जून उल्लेख होतो, ती १८८५ साली, म्हणजे वॉटसन्सनंतर सुमारे चौदा वर्षांनी पूर्ण झाली.

## सोयीसुविधा

### खोल्या आणि सज्जे

पाच मजली इमारतीत पाहुण्यांसाठी १३० खोल्या होत्या. तळमजल्यावर स्वागतकक्ष, उपाहारगृह आणि मद्यालय होते. प्रत्येक मजल्यावर खोल्यांना जोडणारे रुंद, मोकळे सज्जे होते. ते हॉटेलचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य ठरले.

हे सज्जे केवळ शोभेचे नव्हते. इमारतीचा एक दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. दुपारनंतरचे ऊन आणि पावसाळ्यात समुद्रावरून येणारा मारा हे दोन्ही याच बाजूने येतात. सज्ज्यांमुळे खोल्यांच्या भिंतींवर सावली पडत असे, पावसातही दारे उघडी ठेवता येत आणि वारा आत खेळता राहत असे. विजेचे पंखे येण्यापूर्वीच्या मुंबईत हाताने ओढायचा पंखा आणि समुद्राचा वारा एवढेच उकाड्यावरचे उपाय होते. त्यामुळे या रचनेचे मोल मोठे होते. भार पेलणाऱ्या जाड भिंती नसल्याने खोल्यांना मोठी दारे ठेवणे शक्य झाले. सुविधा आणि बांधणी यांचा असा थेट संबंध या इमारतीत दिसतो.

### मधले दालन

इमारतीच्या मध्यभागी सुमारे ३० मीटर लांब व ९ मीटर रुंद असे दालन होते. त्यावर काचेचे छत होते. नृत्याच्या कार्यक्रमांसाठी त्याचा वापर होत असे. चारी बाजूंनी खोल्यांनी वेढलेल्या मोठ्या इमारतीच्या गाभ्यात उजेड पोहोचवण्याचे कामही हे दालन करी.

### कर्मचारी

भरभराटीच्या काळात हॉटेलच्या उपाहारगृहात आणि नृत्यदालनात इंग्लंडहून आणलेल्या तरुणी वाढपाचे काम करीत. वॉटसनने या मुलींबरोबर इंग्लंडची हवाही आणली असती तर बरे झाले असते, असा विनोद त्या काळी मुंबईतील इंग्रज मंडळींत प्रचलित होता. हॉटेलचे बाकीचे काम, म्हणजे सामान वाहणे, झाडलोट, धुलाई आणि पाहुण्यांची खासगी सेवा, भारतीय नोकर करीत. अनेक पाहुणे स्वतःचा वेगळा नोकर ठेवीत आणि जेवणाच्या वेळी तो मालकाच्या खुर्चीमागे उभा राही.

### प्रवेशाचा प्रश्न

हॉटेल युरोपीय ग्राहकांसाठी चालवले जाई आणि वसाहतकालीन वर्णभेद त्याच्या कारभाराचा भाग होता. तरीही तेथे भारतीयांचा वावर अजिबात नव्हता असे दिसत नाही. मोहम्मद अली जिना वकिलीच्या सुरुवातीच्या काळात येथे बिलियर्ड्‌स खेळण्यास येत असत, असे सांगितले जाते.

## मार्क ट्वेन यांचे वास्तव्य

अमेरिकी लेखक मार्क ट्वेन जगभरच्या व्याख्यान दौऱ्यावर असताना जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत आले आणि वॉटसन्स हॉटेलात उतरले. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ (१८९७) या प्रवासग्रंथात त्यांनी या मुक्कामाविषयी विस्ताराने लिहिले आहे. हॉटेल चालू असतानाचे जे थोडे तपशीलवार वर्णन उपलब्ध आहे, त्यात त्याचे महत्त्व मोठे आहे.

ट्वेन यांना वरच्या मजल्यावरील दर्शनी खोल्या मिळाल्या होत्या. सामान पोहोचवण्यासाठी नोकरांची लांबलचक रांग आली आणि प्रत्येकाच्या हाती एकच वस्तू होती, अशी नोंद ते करतात. पहाटेपासून सुरू होणारा आरडाओरडा आणि दारांचा आवाज यांचेही वर्णन त्यांनी केले आहे. सज्ज्याच्या कठड्यावर जमून आपल्याविषयी चर्चा करणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवरील त्यांचा विनोदी मजकूर विशेष प्रसिद्ध आहे.

त्याच मुक्कामातील एक प्रसंग मात्र गंभीर आहे. खोलीची व्यवस्था लावण्यासाठी आलेल्या एका जर्मन माणसाने सज्ज्याकडील काचेच्या दाराचे काम करणाऱ्या भारतीय नोकराला काही न सांगताच थोबाडीत मारली आणि नोकराने ती निमूटपणे सोसली. ते पाहून ट्वेन यांना गुलामगिरीच्या काळातील मिसुरी राज्यातील आपले बालपण आठवले. गुलामांना किरकोळ कारणावरून होणारी मारहाण त्या काळी आपल्याला स्वाभाविक वाटत असे, याची कबुली त्यांनी येथे दिली आहे. हॉटेलातील सुखसोयी कोणाच्या श्रमावर आणि कोणत्या व्यवस्थेत उभ्या होत्या, हे या प्रसंगातून दिसते.

## भारतातील पहिला चित्रपट खेळ

फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये आपल्या सिनेमॅटोग्राफ या यंत्राचा पहिला जाहीर सशुल्क खेळ केला. त्यांचा प्रतिनिधी मारिअस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबला. त्याने ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन्स हॉटेलात या यंत्राचे खेळ केले. संध्याकाळी सहा, सात, नऊ आणि दहा वाजता असे चार खेळ झाले. प्रवेशमूल्य एक रुपया होते. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या वृत्तपत्रात त्याची जाहिरात देण्यात आली होती.

कार्यक्रमात सहा लहान चित्रफिती होत्या. सिनेमॅटोग्राफचे आगमन, स्थानकात येणारी रेल्वेगाडी, समुद्रस्नान, भिंत पाडण्याचे काम, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार आणि चाकांवरील स्त्रिया व सैनिक असे त्यांचे विषय होते.

हॉटेलातील खेळांना मुख्यतः युरोपीय प्रेक्षक होते. १४ जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात सुरू झाले. पुढे त्याच जागी एक्सेल्सियर चित्रपटगृह उभे राहिले. नॉव्हेल्टीमध्ये चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळ्या दरांची तिकिटे ठेवण्यात आली आणि पडदानशीन स्त्रियांसाठी राखीव बॉक्सची सोयही झाली. हॉटेलच्या मर्यादित वर्तुळातून चित्रपट सर्वसामान्य मुंबईकरांपर्यंत पोहोचला तो या टप्प्यावर.

मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी या नव्या माध्यमाने प्रभावित होऊन परदेशातून कॅमेरा मागवला. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डन येथे झालेल्या कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचा आरंभबिंदू म्हणून वॉटसन्स हॉटेलचा उल्लेख केला जातो तो या क्रमामुळे.

## ताजमहाल हॉटेल आणि जमशेटजी टाटांची कथा

उद्योगपती जमशेटजी टाटा यांना वॉटसन्स हॉटेलात भारतीय असल्यामुळे प्रवेश नाकारण्यात आला आणि त्या अपमानातून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, अशी कथा सर्वश्रुत आहे. कथेच्या काही आवृत्त्यांत मुंबईतील दुसऱ्याच हॉटेलचे नाव येते. या घटनेला समकालीन पुराव्याचा आधार नसल्याने काही अभ्यासकांनी तिच्याविषयी शंका व्यक्त केली आहे. मुंबईला जागतिक दर्जाचे हॉटेल असावे ही टाटा यांची व्यापक इच्छा हेच ताजच्या उभारणीचे खरे कारण असावे, असे त्यांचे म्हणणे आहे. मात्र वर्णभेदाच्या त्या काळात अशी घटना घडणे अशक्य नव्हते. कथेची लोकप्रियता हीदेखील त्या भेदाची स्मृती म्हणून पाहता येते.

ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. त्याच्या आराखड्यावर सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या भारतीय वास्तुविशारदांनी काम केले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पूर्णत्वास नेले. विजेचे दिवे, पंखे, उद्वाहने आणि तुर्की पद्धतीची स्नानगृहे अशा सोयींमुळे आणि समुद्रालगतच्या जागेमुळे ताजने लवकरच आघाडी घेतली. वॉटसन्सचे सज्जे व काचेचे छत ही विजेपूर्वीच्या काळातील उत्तम व्यवस्था होती. विजेच्या आगमनानंतर तिचे वेगळेपण उरले नाही.

## हॉटेलनंतरचा काळ

ताजच्या स्पर्धेत वॉटसन्सची लोकप्रियता ओसरत गेली. विसाव्या शतकात हॉटेल बंद पडले. इमारतीचे नाव काही काळ महेंद्र मॅन्शन होते आणि पुढे ते एस्प्लनेड मॅन्शन झाले. मोठ्या खोल्यांमध्ये आडभिंती घालून लहान लहान गाळे पाडण्यात आले आणि ते स्वतंत्रपणे भाड्याने देण्यात आले. उच्च न्यायालय व सत्र न्यायालय जवळ असल्याने अनेक वकिलांनी येथे कार्यालये थाटली. २००५ च्या सुमारास इमारतीत ५३ कुटुंबे आणि ९७ व्यावसायिक आस्थापना होत्या.

या काळात मूळ रचनेत मोठे बदल झाले. सज्ज्यांचे भाग बंदिस्त करून खोल्यांना जोडण्यात आले. मधल्या दालनात अडगळ व कचरा साचत गेला. जी व्यवस्था वारा आणि उजेड खेळवण्यासाठी केली होती, ती अशा रीतीने निकामी झाली.

देखभालीच्या अभावामागे मुंबईतील जुन्या इमारतींना लागू असलेले भाडेनियंत्रणही आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. पुढील अनेक दशके उत्पन्न तेच राहिले, दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूंना स्वस्त आणि मध्यवर्ती जागा सोडवेना. अशा इमारतींकडून उपकर घेऊन त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे देण्यात आली आहे. एस्प्लनेड मॅन्शन ही अशीच उपकरप्राप्त इमारत आहे. जबाबदारी मालक, भाडेकरू आणि शासकीय यंत्रणा यांच्यात विभागली गेल्याने निर्णय लांबत गेले.

## पडझड

लोखंडी सांगाड्याला मुख्य धोका गंजाचा असतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते. त्यामुळे भोवतालच्या विटांना व गिलाव्याला भेगा पडतात, त्या भेगांतून आणखी पाणी आत शिरते आणि गंज वाढतो. मुंबईची खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे ही प्रक्रिया वेगाने होते. गळके नळ, छपरावर वाढलेली झाडे आणि नंतर चढवलेल्या बांधकामाचा वाढीव भार यांनीही अशा जुन्या इमारतींचे नुकसान होते.

१ जुलै २००५ रोजी इमारतीच्या पश्चिमेकडील दर्शनी भागाचा काही हिस्सा सज्ज्यासह कोसळला. त्यात एका व्यक्तीचा मृत्यू झाला आणि सहा जण जखमी झाले. खाली उभी असलेली अनेक वाहने चिरडली गेली. २०१८ सालीही सज्ज्याचा काही भाग कोसळला. त्यानंतर इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि मे २०१९ मध्ये म्हाडाने ती रिकामी करून घेतली.

## संवर्धनाचा वाद

महानगरपालिकेच्या वारसा यादीत ही इमारत श्रेणी दोन-अ मध्ये आहे. बृहन्मुंबईसाठी १९९५ साली लागू झालेल्या वारसा नियमांनुसार अशा इमारतीत मोठे बदल करण्यास किंवा ती पाडण्यास विशेष परवानगी लागते. २००५ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या यादीत समावेश झाल्याने तिचे महत्त्व आंतरराष्ट्रीय पातळीवरही मान्य झाले. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोने जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. त्यानंतर या परिसरातील जुन्या इमारतींच्या जतनाचा प्रश्न अधिकच चर्चेत आला.

२०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी दिलेल्या अहवालात इमारत दुरुस्तीपलीकडे गेल्याचे मत व्यक्त करून ती पाडण्याची शिफारस करण्यात आली. रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या जिवाला असलेला धोका आणि दुरुस्तीचा अवाढव्य खर्च हे या बाजूचे मुख्य मुद्दे होते.

संवर्धन वास्तुविशारदांनी आणि वारसाप्रेमींनी या शिफारशीला विरोध केला. सांगाडा टप्प्याटप्प्याने बळकट करता येतो, खराब झालेले भाग बदलता येतात आणि नंतर घातलेला अनावश्यक भार काढून टाकता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. मुळात ही इमारत सुटे भाग जोडून उभी केलेली असल्याने एकेक भाग तपासून दुरुस्त करणे तत्त्वतः शक्य आहे, हाही मुद्दा यात महत्त्वाचा आहे.

मूळ रूपासारखीच नवी इमारत त्या जागी बांधावी हा मध्यम मार्गही सुचवला जातो. दगडी इमारतीच्या बाबतीत दर्शनी भाग राखून आतील बांधकाम बदलण्याची पद्धत अनेक ठिकाणी वापरली गेली आहे. येथे मात्र वारसामूल्य दर्शनी नक्षीत नसून त्यामागच्या लोखंडी सांगाड्यात आहे. तो सांगाडा काढून त्याच आकाराची नवी इमारत उभी केली, तर अभियांत्रिकीच्या इतिहासातील मूळ पुरावाच नष्ट होईल, असा या पर्यायावरील प्रमुख आक्षेप आहे.

## महत्त्व

वॉटसन्स हॉटेलचे महत्त्व तीन बाबतींत सांगितले जाते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती सांगाड्यावर उभ्या राहणाऱ्या आधुनिक इमारतींच्या जगातील आरंभीच्या नमुन्यांपैकी एक आहे. मुंबईच्या दृष्टीने ती कोटाच्या भिंती पडल्यानंतर घडलेल्या शहराची आणि सुएझमार्गे सुरू झालेल्या प्रवासयुगाची खूण आहे. सांस्कृतिक दृष्टीने ती भारतीय चित्रपटाच्या सुरुवातीशी आणि वसाहतकालीन वर्णभेदाच्या स्मृतीशी जोडलेली आहे. हॉटेल म्हणून तिचा उपयोग जेवढा काळ झाला, त्याहून अधिक काळ ती भाडेकरूंचे घर व वकिलांचे कार्यालय म्हणून वापरली गेली. तो इतिहासही या वास्तूच्या वारशाचाच भाग आहे.

## हे सुद्धा पहा

* काळा घोडा
* ताजमहाल हॉटेल, मुंबई
* डेव्हिड ससून ग्रंथालय
* हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर
* मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूह